तांबडा पट्टा

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवसांत माझ्याशी कुणी फार बोलायला येत नाही. आमच्या विभागातल्या शिपाईमामांनी नव्या प्राध्यापकांना सांगूनच ठेवलंय, "एप्रिलमधी मॅडमच्या वाटंला जाऊ नका." बरोबरच आहे त्यांचं. एक तर सोलापूरचा एप्रिल. पंखा फिरतो आणि गरम हवा नुसती इकडची तिकडं करतो. त्यात लांबलचक टेबलावर ओळीनं मांडलेले दगड, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर नंबर, आणि पुढं घामाघूम झालेली पोरं. घंटा वाजली की एकेक दगड पुढं सरकायचं, नाव लिहायचं, गुणधर्म लिहायचे. पण आमची पोरं दगड ओळखतच नाहीत, टवके ओळखतात. कोपरा उडालेला तो बेसाल्ट, पोटावर ओरखडा असलेला तो चुनखडक, शाईचा डाग पडलेला तो जिप्सम. वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडं हे ज्ञान वर्षानुवर्षं चालत आलंय. म्हणून आदल्या दिवशी मी सगळे दगड उचलते, दुसऱ्या कपाटातले मांडते आणि मग दिवसभर पोरांचे चेहरे बघत बसते. दुष्टपणा आहे, असू दे.

यंदा एका मुलीनं मात्र माझीच विकेट काढली. बारीक चणीची, दोन वेण्या घातलेली मुलगी. तांबड्या ढेकळापुढं आली. नंबर बघितला नाही, कोपरा बघितला नाही. ढेकूळ उचललं, तोंडाजवळ नेलं, आरसा पुसताना सोडतो तशी तोंडाची वाफ सोडली आणि लगेच नाकाला लावलं. हीच खरी रीत आहे. चिकणमातीच्या जातीचा दगड असला की वाफेनं त्याला ओल्या मडक्याचा वास येतो. तिनं मान हलवली आणि लिहायला लागली. मी तिच्या पाठीमागंच उभी होते. तो वास माझ्यापर्यंत आला, की मला नुसता भास झाला, कोण जाणे. शेजारच्या सरांना "जरा बघा हं" म्हटलं आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

ते ढेकूळ मी आणलेलं आहे. माझ्या दाजींच्या विहिरीतलं. त्याच विहिरीत दाजी गेले.

तोही असाच एप्रिल होता आणि मी शेवटच्या वर्षाला होते. आम्ही सोलापुरातले, बाजारपेठेत वडिलांचं छोटं दुकान. माझी मोठी बहीण, आक्का, कुंभारीच्या पुढं एका गावात दिलेली. घर शेतीवालं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. सासूला सगळं गाव अव्वा म्हणायचं. शहरात वाढलेली आमची आक्का वर्षाच्या आत 'हाय-न्हाय' बोलायला लागली आणि आईला त्याचं कोण दुःख! मला नव्हतं. मला दाजी आवडायचे. एवढा मोठा मिशांचा माणूस, पण मेहुणीला चिडवायची एक संधी सोडायचा नाही. मला ते दगडूबाई म्हणायचे. "काय दगडूबाई, आज कुटला दगड फोडला?" मी चिडले की म्हणायचे, "तुजं शिक्षान लई बेस हाय बग. दगडाला भूक न्हाय, तान न्हाय, तक्रार न्हाय. मास्तरला बी सुख, पोराला बी सुख."

त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी मला बांधावर बसवून सरळच विचारलं होतं, "खरं सांग, दगडाचं असतंय तरी काय एवढं शिकण्यासारखं?" मी शेवटच्या वर्षाच्या तोऱ्यात होते. बांधावरचाच एक काळा दगड उचलला. म्हटलं, दाजी, हा दगड घ्या. हा कशाकशाचा बनलाय, यातले हे चमकणारे कण कसले, ते विचारलं की झालं खनिजशास्त्र. हा तयार कसा झाला, लाव्हा थंड होऊन, की गाळ साचून, की दाबानं आणि उष्णतेनं रूप बदलून, ते विचारणारं ते खडकशास्त्र. याच्या खाली काय आहे, वर काय आहे, आधी कोण आलं, नंतर कोण आलं, ते स्तरविज्ञान. हा तडकला कुठं, वाकला कुठं, कशामुळं, ते संरचनात्मक भूविज्ञान. यात एखादा शिंपला, पान, हाड अडकून दगड झालं असेल तर त्याचं पुराजीवशास्त्र. यातून पाणी झिरपतं का, साठतं का, ते भूजलशास्त्र. आणि यावर धरण बांधलं, यातून बोगदा काढला तर हा टिकेल का, ते अभियांत्रिकी भूविज्ञान. नद्या, वारा, भूकंप, ज्वालामुखी पृथ्वीला आज कसं घडवतायत ते भौतिक बाजूला, आणि एवढी वर्षं काय काय घडून गेलं ते ऐतिहासिक बाजूला. मी बोलत सुटले होते. दाजींनी दगड माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "आरं तिच्या! दगुड एकटा, आन् चौकशीला एवढे जन? पोलीस चौकी बरी की!"

आक्का भाकरी बांधून आणत होती, ती लांबूनच हसायला लागली. पोटुशी होती तेव्हा.

मी आज शिकवते तेव्हा पहिला तास असाच घेते. फळ्यावर व्याख्या लिहीत नाही. खिडकीतला एक दगड उचलून मुलांच्या हातात देते आणि म्हणते, विचारा याला काय विचारायचं ते. मुलं एकेक प्रश्न काढतात आणि मी त्या प्रश्नाला त्याच्या शाखेचं नाव देते. शेवटी म्हणते, दगड एकटा आणि चौकशीला एवढे जण. वर्ग हसतो. कुणाचं वाक्य आहे ते मी सांगत नाही.

दिवाळी झाली, ज्वारी निघाली, फाल्गुनात विहिरीला सुरुवात झाली. जुनी विहीर आटली होती म्हणून ही नवी. मी अभ्यासात होते, तिकडं फिरकले नाही. खबर मात्र यायची. माती लागली, मुरूम लागला, काळा पाषाण लागला, सुरुंग लावले. वर यारी बसवलेली, म्हणजे दोरानं लोखंडी डोल खालीवर करणारं ते मशीन, आणि खाली दाजी धरून चारपाच माणसं. निघालेला दगड-मुरूम यारीनं वर घ्यायचा आणि काठावरच ओतायचा. लांब नेऊन टाकायला कुणाला सवड असते? आमच्याकडं कुठल्याही नव्या विहिरीवर जा, काठावर असा डोंगर दिसणारच.

आणि मग एक दिवस तांबडं लागलं.

हे समजावून सांगायला हवं, कारण सगळं इथंच आहे. आपल्या पायाखालचा हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो भेगांमधून वर आला आणि पसरला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दोन खेपांच्या मध्ये कधी कधी एवढा खंड पडला, की आधीच्या थराचा वरचा भाग ऊन-पावसानं कुजून त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा त्या मातीवर आला आणि ती भाजून लालभडक झाली. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये हा तांबडा पट्टा तसाच अडकून राहिला. पुस्तकात त्याला रेड बोल म्हणतात. आमची माणसं तांबडं म्हणतात आणि ते लागलं की गूळ वाटतात. का नाही वाटणार? महिनाभर काळ्या दगडाशी झटापट केल्यावर हे मऊ मऊ लागतं. सुरुंग नको, नुसत्या टिकावानं निघतं. आणि तांबड्यातून पाणी सहसा खाली जात नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर ओल असते, झरे असतात. तांबडं म्हणजे सुटका आली, पाणी आलं. तेव्हा सगळे घाईनं खणत सुटतात आणि तो पट्टा उघडाच ठेवतात. तो उन्हानं वाळतो, चिरा पडतात, वरून झिरपलेलं पाणी लागतं आणि त्याचा भुगा होऊन गळायला लागतो. वरचा काळा दगड मग नुसता अधांतरी. त्याच्या डोक्यावर, काठावर, आपणच रचलेला डोंगर.

दाजी आठ दिवस ते मऊ तांबडं खणत राहिले आणि त्याच्या डोक्यावर झरा फुटला त्या सकाळी त्यांनीही गूळ वाटला. दुपारी बाकीची माणसं जेवायला वर आली. शेवटचा डोल भरून येतो म्हणून ते एकटे खाली थांबले. आणि एका बाजूचा काठ खाली गेला.

मला निरोप आला तेव्हा मी जर्नलवर सही घ्यायला कॉलेजात गेले होते. गावात पोचले तेव्हा त्यांना वर काढलेलं होतं. मी त्यांचा चेहरा बघितला नाही, बघू दिला नाही. हात दिसला. नखांत, रेघांत तांबडी माती भरलेली होती आणि आंघोळ घातली तरी ती नखांतून निघाली नाही. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, तेही बसवून. एवढ्या माणसांनी खपून मातीखालून काढलेला माणूस, त्याला विभूती लावली, हार घातला आणि संध्याकाळच्या आत परत मातीत बसवला. तेव्हा मला वाटलं की कुणाला तरी धरून गदागदा हलवावं आणि विचारावं, अहो, काय चाललंय हे? मी कुणालाच हलवलं नाही. आईचा हात धरून उभी राहिले.

अव्वा कन्नडात रडत होती. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळत होतं, "यप्पा, नन मगा," माझा लेक, माझा लेक. पण मध्येच ती थांबली, आक्काकडं वळली आणि मराठीत बोलली. पै-पाहुण्यांना कळावं म्हणूनच मराठीत. "पांढऱ्या पायाची हाय ही. काठावर पाय दिला आन् माजा लेक गिळला."

आक्का कडेवरच्या तान्ह्या शिवाला छातीशी धरून भिंतीकडं बघत बसली. तिनं नाही म्हटलं नाही.

काय झालं होतं ते तिनं मला चारआठ दिवसांनी न्हाणीपाशी सांगितलं, भांडी घासता घासता, मान वर न करता. त्या गावात एक रिवाज आहे. अंगावर पिणारं लेकरू असलेल्या बाईनं, पाण्याची पूजा होईस्तोवर, नव्या विहिरीच्या काठावर जायचं नाही. आक्का भाकरी घेऊन गेली होती ती लिंबाखालीच थांबणार होती. "त्येनीच हाक मारली गं," ती म्हणाली. "खालनं वरडले, आगं ये की, बग तरी, तांबड्याला पानी सुटलंय! मी म्हनलं, नगं, अव्वा बोलतील. तर म्हनले, अव्वा कुटं हाय हितं? मग गेले. पदर सावरून वाकले. त्येनी वर बघितलं. हसत हुते. तोंडात गूळ हुता."

पुढचं तिनं सांगितलं नाही. तिच्या पायाखालचा काठ नव्हता तो, चार हात पलीकडचा होता. पण पडला तिच्या डोळ्यांदेखत. आणि त्यांनी हाक मारलेली लिंबाखालच्या सगळ्या माणसांनी ऐकली होती. त्यातला एकही पुढं आला नाही सांगायला.

"तू दगडाचं शिकतीस," आक्का म्हणाली. आता तिनं वर बघितलं. "खरं सांग. माज्या पायानं पडलं का?"

तिला माझं शास्त्र हवं होतं. शाबासकी म्हणून नाही, दाजींसारखं चेष्टेनं नाही. बुडणाऱ्या माणसाला दोर हवा असतो तसं हवं होतं. मी म्हटलं, नाही गं आक्का, तुझा काय संबंध! ती म्हणाली, "हे तर आई बी म्हनती. तू शिकलेलं सांग."

त्याच आठवड्यात माझी तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक चांगले होते, हसतमुख. त्यांनी मला विचारलं, "रेड बोलचं अभियांत्रिकी महत्त्व सांगा." मी सांगितलं. हा थर ओला झाला की त्याची ताकद जाते, उघडा ठेवला की तो गळतो, त्याच्या वरच्या खडकाचा आधार सुटतो, विहीर असो की बोगदा, तो बांधून काढल्याशिवाय पुढं जायचं नसतं, काठावर भार टाकायचा नसतो. एक शब्द अडला नाही. परीक्षक खूश झाले, "व्हेरी गुड" म्हणाले, शेजारच्या सरांकडं कौतुकानं बघितलं. मी घरी आले आणि पुस्तक कपाटात कोंबून दार आपटलं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि कुणाचा ते मला आजही धड सांगता येणार नाही. पुस्तकात सगळं होतं. पुस्तक कपाटात होतं. विहीर कुंभारीच्या पुढं होती. मध्ये एक डांबरी रस्ता, त्याच्यावरून एसटी जाते, अर्ध्या-पाऊण तासाची वाट.

परीक्षा संपल्यावर मी गेले. काठावरच्या ढिगातून तांबड्याची दोन ढेकळं उचलली आणि एक काळा दगड. सोप्यात अव्वा बसली होती, आक्काला बोलावलं. पाहुण्यांसाठीचे काचेचे दोन ग्लास मागितले, पाणी भरलं. एकात काळा दगड टाकला. तो तळाशी जाऊन गप पडला. दुसऱ्यात तांबड्याचा तुकडा टाकला. बारीक सूंऽ असा आवाज झाला, बुडबुडे आले, कडा सुटायला लागल्या. बघता बघता त्याचा दगडपणा गेला आणि तळाला लाल चिखल बसला. मी म्हटलं, अव्वा, हे बघा. वरचा काळा पाषाण या असल्या मातीवर बसला होता. खालून ही अशी गळाली, वर एवढा ढीग रचलेला. तो पडणारच होता. आक्का काठावर असती काय, नसती काय, तिच्यासारख्या पन्नास जणी उभारल्या असत्या तरी त्या ढिगापुढं त्यांचं वजन काहीच नाही.

आक्का ग्लासाकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, सुटली. देवाशप्पथ, मला तसं वाटलं.

अव्वानंही बघितलं. बराच वेळ बघितलं. ती काही मूर्ख बाई नव्हती. आणि तिचा लेक गेला होता, हेही मी आज समजू शकते, तेव्हा समजायची इच्छा नव्हती. तिनं ग्लास हातानं थोडा बाजूला सारला आणि शांतपणे म्हणाली, "माती हाय, पान्यात ईरगळनारच. मी काय न्हाय म्हनत न्हाय. पर त्याच दिशी का? सकाळधरनं चार मानसं हुती खाली, तवा न्हाय पडलं. ही उभारली आन् पडलं. त्ये सांग तुज्या पुस्तकातलं."

काय सांगणार? माझ्याजवळ सगळ्या शाखा होत्या. खनिजशास्त्र सांगत होतं की ही माती कशाची आहे. खडकशास्त्र सांगत होतं ती भाजली कशी. स्तरविज्ञान सांगत होतं ती कुणाच्या खाली, कुणाच्या वर. अभियांत्रिकी भूविज्ञान सांगत होतं की काठ पडणार. पण कधी, ते कुणीच सांगत नव्हतं. लाख वर्षांची चूक झाली तरी आमच्यात कुणी ओरडत नाही. आम्ही कोटीच्या भाषेत बोलणारी माणसं, आणि त्या बाईला एक दुपार हवी होती. मी गप्प बसले. ती गप्प बसणं आक्कानं बघितलं. तिनं दोन्ही ग्लास उचलले, आत नेऊन घासले आणि फळीवर पालथे घातले.

राहिलेलं ढेकूळ मी परत आणलं. पुढं नोकरी लागली तेव्हा विभागाच्या कपाटात ठेवलं. घरात ठेवायचं धाडस नव्हतं आणि टाकून द्यायचंही.

विहीर पुढं दाजींच्या धाकट्या भावानं पुरी केली. तांबडा पट्टा या खेपेला दगड-सिमेंटनं बांधून घेतला. पाणी गोड लागलं. पूजा झाली, आक्काला बोलावलं नाही. आमच्याकडं येळ अमावस्येला सगळं घर शेतात जातं, पाची पांडवांची पूजा, भज्जी-भाकरी, आंबील, दिवसभर रानातच जेवणं. आक्का पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक करायची, डालग्यात भरून द्यायची आणि घरात एकटी बसायची. रानाचा रस्ता विहिरीवरून जातो म्हणून. मी एकदोनदा त्या दिवशी मुद्दाम गेले, तिच्याजवळ बसले, भांडलेसुद्धा. "तू जा की नाकावर टिच्चून! कोण अडवतंय बघू." ती म्हणायची, "कुनी अडवत न्हाय गं. मलाच वाटतं, उगं कशाला." हे ऐकलं की मला त्या काचेच्या ग्लासांवर राग यायचा. अव्वा गेली, तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. म्हातारी गेली, शब्द मात्र घरात राहिला. पोरंसोरं आक्काला कधी विहिरीकडं हाक मारायची नाहीत. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. घरात भिंती असतात तसं ते होतं.

आणि यंदा, त्या मुलीनं ढेकळाला वाफ दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी आक्काचा फोन आला. वारा लागत होता फोनला.

"इहीर आटलीय," ती म्हणाली. "चौबाजूला बोअर मारल्यात, काय ऱ्हानार? शिवा खोल करतोय. खाली परत तांबडं लागलंय. काल गूळ वाटला पोरानं."

अर्थात दुसरा पट्टा असणारच. लाव्हाच्या थरावर थर, आणि मधून मधून तांबडं. वरचा पट्टा बांधलेला, हा खालचा उघडा. मी म्हटलं, आक्का, शिवाला फोन दे, मी बोलते त्याच्याशी. ती म्हणाली, "त्यो हितं न्हाय. मी सांगितलं की काल. हां हां म्हनला आन् गेला. बांधकामाचं नावच काढंना. उन्हाळा संपंल म्हनतोय." मग म्हणाली, "मी काठावर उभी हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी परीक्षा शेजारच्या सरांवर सोपवली, शिपाईमामांच्या तोंडाकडं न बघता गाडी काढली आणि निघाले.

रानात पोचले तर यारी बंद. ठेकेदार आणि त्याची माणसं लिंबाखाली बसलेली. काठावर ताज्या मुरमाचा ढीग आणि ढिगाच्या जरा अलीकडं, चांगल्या पक्क्या दगडावर, आक्का उभी. डोक्यावर पदर, पायांत काही नाही, चप्पल बाजूला काढून ठेवलेली. केस सगळे पांढरे झालेत आता. ठेकेदार मला बघून उठला. "म्याडम, तुमी तरी सांगा मावशीला. त्या सरल्याबिगर मी मानसं उतरवू शकत न्हाय. गावात कुनी बी उतरनार न्हाय. आमाला बी लेकरं हायती." तो खरोखर घाबरलेला होता. मी त्याला तांबड्याचं सांगितलं, पट्टा बांधून घ्या म्हटलं. तो म्हणाला, "त्ये तुमी म्हनता त्ये असंल, त्ये आमी बघून करतो. पर ह्येंनी आदी बाजूला व्हावं." माझ्या सगळ्या शिक्षणाला त्यानं 'असंल' म्हणून एका बाजूला ठेवलं. आक्काच्या पायांपुढं मात्र त्याची हिंमत नव्हती.

मी तिच्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "आक्का, तू अजून मानतेस ते? तुझ्या पायाचं?"

ती विहिरीत बघत होती. "माजं असू दे न्हायतर नसू दे," ती म्हणाली. "त्येंला भ्या हाय की माज्या पायाचं. पट्टा बांधून हुईस्तवर मी हितनं हलत न्हाय. रोज येनार."

तेवढ्यात शिवा आला. मोटारसायकल रानातच आडवी टाकून आला. बापासारखा दिसतो, मिशाही तशाच ठेवल्यात. मला नमस्कार केला नाही, बघितलंही नाही. चारचौघांत, कामाच्या माणसांसमोर, तो आईवर ओरडला, "आई, सरक तितनं! एकदा झालं त्येवढं बास न्हाय व्हय? बाप गेला तुज्या पायानं, आता कुनाला घालवतीस?"

लिंबाखालची माणसं खाली बघायला लागली. माझा हात उठला होता. खोटं का सांगू, मी त्याला मारलंच असतं. आक्कानं माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. ती जागची हलली नाही. शिवा तसाच उभा राहिला, ढिगाला एक लाथ घातली, लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून फोन काढला. वाऱ्यावर शब्द येत होते, त्यातला गवंडी एवढा कळला, सिमेंट कळलं, आजच या म्हणाला ते कळलं.

"काय बोलला गं तो तुला," मी म्हटलं. "कसं बोलवलं त्याला?"

आक्का त्याच्या पाठीकडं बघत होती. "बोलू दे की," ती म्हणाली. "जित्ता हाय म्हनून बोलतोय."